बोल्टवरचं कुंकू

मेथी अर्धी निवडून झाली होती, तेवढ्यात धाकटे दीर समाधानभावजी अवेळीच घरी आले. फौजेतून निवृत्त झाल्यापासून ते इथे अमिरातीत, अल ऐनच्या शूटिंग क्लबात नव्या रायफलमालकांना शिकवतात: "मॅगझिनमध्ये गोळ्या राहतात. बोल्ट मागेपुढे होऊन पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये ढकलतो. ट्रिगर मात्र दरवेळी दाबायचा."

काल खंडेनवमी. फौजेतल्या सवयीनं त्यांनी क्लबच्या रायफलीला हळदकुंकू वाहिलं. तेलकट बोल्टला कुंकू चिकटलं आणि आज एक मेंबर गोळ्या झाडत असताना बोल्ट अडकला.

"साहेब म्हणाला, खलास. व्हिसा कॅन्सल."

"अहो, पूजाच केली ना?"

"वहिनी, मारुतीला तेल-शेंदूर दोन्ही चालतं. बोल्टला नुसतं तेल. रोज मीच शिकवतो की!"

देवीपुढे दिवा लावला, पण मन लागेना. आता भावजींसाठी मोठी बॅग आणायला जायचंय.