मलावीसाठी पिठलं-भाकरी

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागे एकाला हे सांगताना तो असा हसला की कपातला चहा आमच्या सतरंजीवर गेला, आणि बोलणी मी खाल्ली.

माणसानं चूक करावी, कबूल करावी, मोकळं व्हावं. मी काय केलं? चूक केली, ती झाकली आणि सहा महिने तिच्यावर ठाण मांडून बसलो. शेवटी ती अशी उठली की माझ्या सेवानिवृत्तीच्या सत्काराला लोक दोन मिनिटं शांत उभे राहिले. माझ्यासाठी! आणि मी समोर खुर्चीत, फेटा बांधून, चांगला जिवंत!

तर मी कृषी सहाय्यक. सगळी नोकरी भोर तालुक्यात आणि घर हिर्डोशीला, वरंध घाटाच्या रस्त्यावर. एसटी मोजून येते आणि मोबाईलची रेंज शाळेमागच्या टेकाडावर चढल्याशिवाय मिळत नाही. अशा गावात गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत एक मुलगी आली, थेट आफ्रिकेतल्या मलावी देशातली. पुण्यात शेतकीचं शिकत होती आणि तिच्या अभ्यासाचा विषय होता नाचणी. नाव थोकोझानी. आमच्याच पुढच्या खोलीत राहायला होती.

शेजारच्या हौसाआत्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठकू करून टाकलं. वर मला विचारलं, "दत्तू, हिच्यात नाचणी पिकती का रं?"

"पिकते ना आत्या. खातातही."

"मंग आपल्यातलीच हाय की!"

संपला विषय. गावानं ती घरातली धरली. ठकूही तशीच. चिखलात उतरायची, पेंढ्या उचलायची, सुनंदाला, म्हणजे आमच्या मंडळींना, चूल पेटवून द्यायची. मला काका, तिला काकू. आम्हाला मूलबाळ नाही. त्या चार महिन्यांत घरात कुणाची तरी वाट बघायची सवय लागली, एवढंच सांगतो.

आता भानगड कुठं झाली? ठकूचा धाकटा भाऊ मलावीच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा गोलकीपर! हे कळलं आणि सगळी हिर्डोशी मलावीच्या बाजूनं उभी राहिली. मलावी नकाशात कुठं आहे हे एकालाही सांगता आलं नसतं, पण त्यांनी हरायचं नाही, यावर एकमत होतं.

आणि गावात फुटबॉलचा जाणकार कोण? अर्थात मी. शाळेत असताना भोरला मी फुटबॉलच्या संघात होतो. म्हणजे, राखीव होतो. म्हणजे, इतरांच्या चपला सांभाळायला होतो. पण हे गावाला कुठं माहीत?

आफ्रिकेतल्या देशांची एक मोठी स्पर्धा असते. तिच्यात शिरायचं तर आधी पात्रता फेरी. एका गटात चार देश, त्यांतले पहिले दोन आत, बाकीचे घरी. मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं तक्ता काढला, गुण मांडले, आकडेमोड केली आणि निकाल दिला, "शेवटचा सामना जिंकलाच पाहिजे. बरोबरी झाली की खेळ खलास!"

दुधाचा टेम्पो चालवणारा बबन म्हणाला, "पर सायेब, बरोबरी म्हंजी हरलं न्हाईत नव्हं?"

"बबन, तू टेम्पो चालव. हे तुझं काम नाही."

ठकूला मराठी वाचता येत नव्हतं. येत असतं, तर हा किस्सा त्या फळ्यासमोरच संपला असता.

सामन्याच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं मोबाईलवर सामना बघायला टेकाडावर गेलो. ठकू म्हणाली, "काका, तुम्ही बघा. मी बघितलं की तो गोल खातो." आणि ती लांब जाऊन पाठ करून उभी राहिली. आमचं हे सगळं बोलणं इंग्रजीत बरं का. माझं इंग्रजी म्हणजे खताच्या पोत्यांवर वाचून शिकलेलं. त्यामुळे आम्ही दोघंही चार शब्दांच्या वर जात नसू.

तिच्या भावानं काय झेपा घेतल्या हो! दोन वेळा तर मीच टेकाडावर आडवा झालो. पण मलावीचाही गोल होईना. शिट्टी वाजली. शून्य-शून्य. बरोबरी!

इतक्यात तिकडे ठकूचा फोन वाजला. ती काहीतरी बोलली, मटकन दगडावर बसली आणि ओंजळीत तोंड घालून हुंदके द्यायला लागली.

अशा वेळी माणसाला एकटं सोडावं, एवढी अक्कल मला आहे. मी हळूच पाय न वाजवता खाली उतरलो. ती अक्कल नसती तर बरं झालं असतं.

खाली सगळे वाट बघत होते. मी नुसती मान हलवली.

"बरोबरी झाली. मलावी बाहेर. पोरगी वर बसून रडतीय."

मग हौसाआत्या उठल्या. "पोरीनं सकाळधरनं पोटात काय घेतलं न्हाई. तिचं कोन हाय हितं? आपनच."

आता तुम्हाला आमच्याकडची रीत माहीत असेल. ज्या घरावर दुःख येतं, तिथं चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी करून नेतात, गप बसतात आणि घास भरवतात. कडू घास म्हणतात त्याला. मी म्हणालो, "आत्या, अहो सामना गेलाय. माणूस नाही गेलं!"

"तिच्या देसाचं दुक हाय नव्हं?" आत्या माझ्यावरच खेकसल्या. "मंग? दुकात बी मापं काढतोस व्हय?"

तासाभरात आमच्या ओट्यावर गाव जमलं. गडीमाणसं गुडघ्यांत मान घालून बसलेली. बायका तोंडाला पदर लावून. मध्येच कुणीतरी सुस्कारा टाकायचं, की सगळे टाकायचे. पाच घरांतून पिठलं आलं. सहावं सुनंदाचं. सुनंदाच्या पिठल्यात गुठळ्या असतात. चौतीस वर्षं मी रोज सांगतोय की बाई, पीठ आधी पाण्यात कालवून घे. चौतीस वर्षं गुठळ्या जिथल्या तिथं आहेत.

ठकू टेकाडावरून उतरली. डोळे लाल. ओट्यावरचं गाव बघून अंगणातच थांबली.

मला हळू आवाजात विचारलं, "यांना कळलं?"

"मी सांगितलं."

"सगळे माझ्या भावासाठी आलेत?"

"तुझ्यासाठी आलेत."

झालं! तिनं छातीवर हात ठेवला आणि पुन्हा रडायला लागली. तिचं बघून बायका रडल्या. बायकांचं बघून बबन रडला. हौसाआत्यांनी तिला जवळ घेतलं. "रडू नगं, ठकू. आपल्या हातात काय असतंय? दोन घास खा." आणि भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून तिच्या तोंडात घातला. ती जेवली. सगळं जेवली. सुनंदाच्या गुठळ्यांसकट जेवली.

मंडळी उठून गेल्यावर ठकू माझ्याकडे वळली. चेहरा असा फुललेला, की मला काही उमगेना.

"काका, तुमच्याकडे आनंद झाला की असं करतात?"

"आनंद?" मी म्हणालो.

तिनं फोन पुढे केला. टेकाडावर असताना आलेला फोटो होता. मैदानात मलावीची पोरं नाचतायत आणि त्यांच्या खांद्यावर तिचा भाऊ! त्यांना बरोबरी पुरेशी होती. अहो, फुटबॉलमध्ये जिंकल्याला तीन गुण असतात. मी क्रिकेटसारखे दोन धरले होते. सगळा तक्ताच बोंबलला होता. मलावी स्पर्धेत गेला होता, पोरगी आनंदानं रडत होती, आणि मी तिच्याकडे गाव बसवलं होतं दुखवट्याला!

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ती म्हणाली, "मला वाटलं होतं, एवढा आनंद, आणि इथे मी एकटी. आमच्याकडे ढोल वाजवतात. तुम्ही लोक नुसते जवळ येऊन बसता. हे किती सुंदर आहे!"

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? मला त्या पोरीच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. आणि गावच्या जाणकाराला जिंकल्याचे गुण माहीत नाहीत, हेही कळू द्यायचं नव्हतं. खरं कारण कुठलं, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

मी म्हणालो, "हो. आमची रीत आहे."

"आणि आत्या काय म्हणत होत्या?"

"ते... अभिनंदन करताना म्हणतात."

तिनं वही काढली आणि ते वाक्य माझ्याकडून दोनदा वदवून घेऊन लिहून ठेवलं.

सुनंदाला मी झोपायच्या आधी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सकाळी उठून तिला खरं सांगा."

"सांगतो ना. आधी नाचणीची मळणी होऊ दे."

मळणी झाली. नाचणी पोत्यात गेली. मी काही बोललो नाही. गावही बोललं नाही, कारण पोरीची जखम कशाला उकरायची? ठकू मात्र गाणी म्हणत हिंडायची, आणि लोक तिच्या पाठीमागे हळहळायचे, "काय धीराची पोर हाय, बगा!" मग ती पुण्याला परत गेली.

मे अखेरीस मी निवृत्त झालो. भोरला हॉल घेतला होता. बँड, शाल, नारळ, जिलेबी, सगळं! स्टेजवर माझा माणूसभर उंचीचा फोटो, आणि कुणीतरी हौशीनं त्याला झेंडूचा हार घातलेला. हिर्डोशीची मंडळी बबनच्या टेम्पोतून आलेली. ठकूला मी स्वतः फोन करून बोलावलं होतं.

बँड रंगात आला होता आणि दारातून ठकू आत आली. मान खाली. हातात फडक्यात बांधलेला डबा. कुणाकडे न बघता सरळ स्टेजवर चढली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एक लांब सुस्कारा टाकला. माझ्यासमोरच माईक होता. हॉलभर घुमलं, "रडू नगं, काका. आपल्या हातात काय असतंय? दोन घास खा."

बँड बंद पडला. ठकूनं फडकं सोडलं. पिठलं-भाकरी!

हिर्डोशीच्या बायकांचे पदर तोंडाला गेले. हौसाआत्यांनी तर कोण, कधी, काही न विचारता रडायला सुरुवात केली. शेजारी बसलेले मोठे साहेब माझ्या कानाशी लागले, "घरी काही झालंय का? आधी सांगायचं ना, कार्यक्रम पुढं ढकलला असता." तेवढ्यात सूत्रसंचालकानं माईक ओढला आणि जड आवाजात म्हणाला, "सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं." कुणासाठी, हे त्यालाही माहीत नव्हतं. उशिरा आलेल्या एका गृहस्थांनी दारातच चपला काढल्या, माझ्या हार घातलेल्या फोटोला हात जोडले आणि मागे जाऊन उभे राहिले.

दोन मिनिटं किती मोठी असतात, हे मला विचारा. पुढे मी फेट्यात, मागे फोटो हारात. आणि शेजारी ही पोर, मी शिकवलेलं पाठ करून, इतक्या मायेनं आलेली. तिचं असं सगळ्यांत हसं होऊ द्यायचं? मी उठलो आणि माईक घेतला.

"बसा. कुणी गेलेलं नाही. चूक माझी आहे," असं म्हणून सगळं सांगितलं. चपला सांभाळण्यापासून दोन गुणांपर्यंत, आणि ओट्यावरच्या दुखवट्यापासून तिच्या वहीत गेलेल्या खोट्या रितीपर्यंत. "ठकू, पोरी, मला माफ कर," म्हणालो.

मग हौसाआत्या पदर बाजूला करून उभ्या राहिल्या.

"म्हंजी पोरीचा भाऊ जिकला व्हता? आन आमी तिला कडू घास चारला? सहा म्हैनं मी हिच्यासाठी उसासं टाकतीया, मुडद्या!"

बबन मागून ओरडला, "सायेब, म्या तवाच म्हनलं व्हतं!"

जे हसू फुटलं म्हणता! मोठे साहेब तर फेट्याच्या शेमल्यात तोंड खुपसून हसत होते. मी घाबरत घाबरत ठकूकडे बघितलं. तिचा चेहरा जसाच्या तसा गंभीर. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्या तोंडात घातला.

घास चावला आणि दाताखाली गुठळी आली. मी थबकलो. ही गुठळी माझ्या ओळखीची होती!

पहिल्या रांगेत सुनंदा मान वर करून पंख्याकडे बघत होती.

"सुनंदा, हे पिठलं कुणी केलं?"

उत्तर ठकूनं दिलं, अस्सल हिर्डोशीच्या मराठीत. "काकूंनी मला दुसऱ्याच दिवशी हातवारे करून समदं सांगितलं व्हतं. आमी दोगी वाट बगत व्हतो, तुमी कवा सांगताय. लई येळ लावला, काका!" आणि मग तिला हसू आवरेना. हसता हसता तिनं मला मिठी मारली. माझा फेटा पडला आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते कशाचं होतं, हे कृपा करून कुणी मोजू नये, मोजणीत मी कच्चा आहे.

हॉलभर जिलेबी वाटली गेली. माझ्या ताटात मात्र पिठलं-भाकरीच. सुनंदा स्वतः स्टेजवर आली आणि सगळ्या तालुक्यादेखत पुढचा घास तिनं मला तिच्या हातानं भरवला. त्यात सगळ्यात मोठी गुठळी होती. मी ती मुकाट्यानं गिळली आणि म्हणालो, "पिठलं छान झालंय."