गोळी कशाची?

लोणावळ्यातल्या माझ्या मेडिकलमध्ये अनुसामावशी आली की मागची रांग वैतागायची. प्रत्येक पाकिटावर बोट ठेवून ती विचारायची, "ही गोळी कशाची?" सांगितल्याशिवाय पिशवीत टाकायची नाही. "घ्या हो मावशी, डॉक्टरांनी दिलंय ना," असं कुणी म्हटलं की गर्रकन वळायची. "डाक्टर देनार, पर गिळनार कोन? आमीच न्हवं? मग इचारू नगं?"

खंडाळ्याच्या एका बंगल्यावर ती स्वयंपाक करायची. शाळा चौथीत सुटलेली. मराठी अडखळत वाचायची, इंग्रजी मुळीच नाही. मला तिचा हेका आवडायचा. गर्दीच्या वेळी रागही यायचा, खोटं कशाला बोलू?

एकदा तिचा नवरा, आमचे आबा, चार दिवस दवाखान्यात राहून घरी आले. नव्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन मावशी आली, तेव्हा दुकानात झुंबड होती. "शुगरची," एवढंच सांगून मी पाकीट तिच्या हातात कोंबलं.

तिसऱ्या दिवशी आबा घामाघूम होऊन कोसळले. साखरपाणी पाजल्यावर सावरले. मावशीने तडक दुकान गाठलं आणि काउंटरवर दोन पाकिटं आपटली, एक जुनं, एक नवं. "वरली नावं येगळी. पर खालची बारकी अक्षरं बग. येकसारखीच हायेत." तांदूळ निवडावेत तशी तिने ती अक्षरं एकेक करून जुळवली होती.

मी दोन्ही पाकिटं वाचली. औषध एकच, कंपन्या दोन. आबा दोन्ही गोळ्या घेत होते, म्हणून साखर एकदम उतरली. जुनी गोळी बंद करा, हे आबांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि दोन्ही विकणारा मीच.

मी तिच्यासोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टर घाईत होते. "फाईलमध्ये सगळं लिहिलंय, मावशी. तुम्हाला ते कळायचं नाही."

"कळाया तुमी सांगितलंय कुटं?" मावशी खुर्चीत घट्ट बसली. "जुनी बंद, असं मराठीत लिवा. मोट्या अक्षरात. तवर मी उटत न्हाई."

नर्सने दंड धरला, तो तिने झटकला. बाहेर पेशंट खोळंबले. शेवटी डॉक्टरांनी लिहिलं, वाचूनही दाखवलं. "हुशार आहात," ते ओशाळून म्हणाले.

"हुशार कसली? मानूस माजा हाय."

बाहेर आल्यावर मी माफी मागितली. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मला इंग्रजी येत न्हाई. तुला येतं. मग तू का न्हाई वाचलंस?"

मावशी जाऊन वर्ष झालं. आबा अजून ठणठणीत आहेत. दुकानात कितीही झुंबड असली, तरी आता प्रत्येक पाकिटावरची बारकी अक्षरं मी आधी वाचतो.