इंजिनाची खोली आणि सुहासचा चहा

मंडळी, आज डोकं फिरलंय.

सुहास माझा जुना दोस्त. आम्ही रोज मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. डाव अडला की तो लिहितो, "रुक यार, चहा गाळून येतो."

आज माधव नगरला त्याच्याच घरी लॅपटॉपवर दोन बुद्धिबळ इंजिनं, म्हणजे चाली शोधून देणारे प्रोग्रॅम, ताडून पाहत होतो, वेगवान कोणतं आणि खोल कोणतं. मी रविवारचा आमचाच डाव लावला. दोन्ही इंजिनांनी झटकन साधी चाल सुचवली. बऱ्याच वेळाने, पार खोल गेल्यावर, एकाला उंटाचा बळी सापडला. रविवारी चहा गाळून आल्यावर सुहासने नेमका तोच दिला होता.

मी वहिनींना म्हटलं, "जरा चहा टाका."

"भाऊजी, आमच्याकडे चहा कधीच बंद झालाय."

सुहास स्क्रीनकडेच बघत राहिला.

आत्ताच त्याचा मेसेज आलाय, "एक डाव?" काय लिहू?