भरतेश मगदुमांची जीभ

सांगलीपासून अर्ध्या तासावरच्या त्या नदीकाठच्या गावात लग्न कुणाचंही असो, आमटीत मीठ किती पडायचं ते भरतेश मगदूम ठरवत. घर चालायचं चार एकर हळदीवर, पण गावात मान होता तो जिभेमुळं. हरिबा आचारी पळीनं चार थेंब त्यांच्या तळहातावर सोडायचा. भरतेशअण्णा ते चाटत, डोळे मिटत आणि बोटं वर करत. दोन बोटं म्हणजे आणखी दोन मुठी. मूठ मिटली की पातेल्यावर झाकण. तीस वर्षांत एकही पंगत नाक मुरडून उठली नव्हती.

मग गावात आरोग्य शिबिर भरलं. राजेश्वरी नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी अण्णांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. एकशे बावन्नावर शहाण्णव. पंधरा दिवसांत आणखी दोनदा मोजलं, आकडा हलेना.

"लगेच गोळी देत नाही," त्या म्हणाल्या. "दिवसाला सगळं मिळून एक लहान चमचा मीठ. लोणचं, पापड बंद. रोज पाऊण तास चालायचं. तीन महिन्यांत उतरलं नाही तर मात्र गोळी घ्यायची, कुरकुर चालणार नाही."

अण्णांना स्वतःच्या ताटाची काळजी नव्हती. "लग्नातली चव त्या चमच्यात धरायची का?"

"किती लग्नं असतात?"

"वैशाखात दिवसाला तीन. बारा पातेली."

डॉक्टरीणबाईंनी खरोखर विचार केला. "मग थुंकून टाका."

पुढचं लग्न म्हसवडच्या इंद्रजितचं. नवरदेवाचे मामा पाणी प्यायला मांडवामागं आले, तर पांढऱ्या टोपीतले एक वजनदार गृहस्थ आमटी तोंडात घेत होते, डोळे मिटत होते आणि पितळी तस्तात थुंकत होते. मग दुसरं पातेलं. त्यातलंही थुंकून टाकलं. मामा तसेच मागं फिरले. दहा मिनिटांत अख्ख्या वऱ्हाडानं पंगतीला बसायला नकार दिला.

"आमटी चांगली हाय," अण्णा समजावू लागले. "माझं बीपी वाईट हाय."

"मग बीपीवाल्याला चाखायला कशाला बसवलाय?" मामा म्हणाले.

शेवटी अण्णांनी सगळ्यांदेखत ताटभर आमटी-भात खाऊन दाखवला. मिठाचा आठवड्याचा हिशेब त्या एका ताटात बुडाला.

त्यानंतर पथ्य कडक झालं. दिवस मावळायच्या आत जेवायची घरात रीतच होती. आता चंदनबालाकाकू, त्यांची बायको, मिठाच्या जागी लिंबू आणि भाजलेलं जिरं घालू लागल्या. पहिले दोन आठवडे अण्णा भिंतीकडं बघत घास चघळायचे. सहाव्या आठवड्यात त्यांना ज्वारीची भाकरी गोड लागायला लागली, आणि मांडवात त्यांची मूठ अर्ध्यातच मिटायला लागली.

"अण्णा, अजून एक मूठ टाकू?" हरिबा विचारायचा.

"खारट करतोस व्हय?"

गाव मुकाट जेवलं. अण्णांची मूठ मिटली होती, तेव्हा खोट आपल्याच जिभेत असणार असं प्रत्येकाला वाटलं. सरपंच मिरजेला जाऊन जीभ दाखवून आले. हेडमास्तर खिशात मिठाची पुडी ठेवायचे आणि रुमालाआड भातावर भुरभुरायचे.

शेवटी काकूच बोलल्या. "आवं, सगळं गाव तुमच्या भिडंपायी अळणी खातंय."

"माझी जीभ कवा चुकलीया?"

काकूंनी तीन वाट्या मांडल्या. पहिलीतली नेहमीच्या मिठाची आमटी चाखून अण्णांनी चूळ भरली. दुसरीतली निम्म्या मिठाची. ती त्यांना लय खारट वाटली. तिसरीतला घोट त्यांनी जिभेवर घोळवला. "हिच्यात पण मीठ हाय."

"ते आपल्या बोअरचं पाणी हाय." रक्तदाब डोक्यात गेला, असंच काकूंनी धरलं.

"पाणी असू दे. मीठ हाय."

त्यांना खोटं पाडायला काकूंनी पाण्याची बाटली सांगलीला प्रयोगशाळेत पाठवली. आठ दिवसांनी कागद आला. क्षार मर्यादेच्या वर. दोन वर्षं याच पाण्यानं हळदीची पानं कडेनं जळत होती आणि दोघं खताला शिव्या देत होती.

ही बातमी बांधाबांधावरनं फिरली. मांडवातली चव काकूंकडं गेली. त्या बोटं वगैरे वर करत नाहीत, सरळ "घाला अजून" म्हणतात. लोक अण्णांकडं पाण्याच्या बाटल्या घेऊन यायला लागले, पण प्लास्टिकनं चव बिघडते म्हणून अण्णा स्वतःच तस्त घेऊन बोअरवर जातात. रोज सकाळी पाच-सहा किलोमीटर सहज होतात. तिसऱ्या महिन्यात बीपी एकशे अठ्ठावीसवर ब्याऐंशी भरलं. डॉक्टरीणबाईंनी मशीन बदलून परत मोजलं, तेवढंच.

परवा जतकडचा एक टँकरवाला आला. पाणी नदीचं आहे यावर त्याचं गिऱ्हाईक विश्वास ठेवत नव्हतं. अण्णांनी घोट घेतला, घोळवला, थुंकला.

"नदीचंच हाय," ते म्हणाले. "पण गड्या, आदी या टाकीत डिझेल नेलंतास."

टँकरवाला चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिला.