चव्वेचाळीस सेकंद

नेरूळच्या एका लॅबमध्ये गीतांजली पाटकर अठरा वर्षं लोकांचं रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजत होती. स्वतःचं मोजायची वेळ कधी आली नाही, कारण तिच्या रक्ताबद्दल सगळ्यांना आधीच सगळं ठाऊक होतं. पाळी दहा-दहा दिवस चालायची. सासूबाईंच्या मते बायकांचं ते असतंच. दाढ काढल्यावर दोन दिवस उशी लाल होत राहिली. डेंटिस्टने टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. बाळंतपणात चार बाटल्या रक्त चढवावं लागलं, त्याचा दोष नवऱ्याने, निशांतने, कामोठ्याच्या पाण्याला दिला. लोहाच्या गोळ्या मात्र तिला सढळ हाताने मिळाल्या.

मग लॅबमध्ये नवं मशीन आलं. त्याचे आकडे जुळवून घ्यायला धडधाकट माणसाचं रक्त हवं होतं. कधी रजा न घेणारी बाई धडधाकटच असणार, असं मालक डॉ. केणींनी ठरवून टाकलं. तिचं रक्त पस्तीस सेकंदांच्या आत गोठायला हवं होतं. लागले चव्वेचाळीस.

केणींनी मशीनला नावं ठेवली. इंजिनिअर तीनदा आला, तीनदा चहा प्याला, सेन्सर बदलला, रसायन बदललं. रक्त बदलून पाहावं, हे एकाही सुशिक्षित माणसाला सुचलं नाही. शेवटी गीतांजलीनेच सफाईवाल्या राहीबाईंचं रक्त घेऊन मशीनला लावलं. एकतीस सेकंद.

"सर," ती म्हणाली, "मशीन ठीक आहे. बिघाड माझ्यात आहे."

पुढच्या तपासणीत कळलं, तिच्या रक्तात गोठवणारा आठवा घटक जेमतेम बावीस टक्के होता; निदान पन्नास हवा. दरवर्षी शिकाऊ मुलींना ती फळ्यावर हेच तर शिकवायची: जखम झाली की नववा घटक एकटा रेंगाळत काम करतो; आठवा त्याला येऊन चिकटला, की ती जोडी लाखो पटींनी वेगात दहाव्याला जागं करते. दहावा पाचव्याशी जोडी जमवतो, त्यातून थ्रॉम्बिन तयार होतं, आणि थ्रॉम्बिनमुळे जखमेवर धाग्यांची जाळी बसते. आकृती तिची इतकी सुरेख, की केणींनी ती फ्रेम करून लावली होती. तिच्याखाली बसून ती लोहाच्या गोळ्या गिळायची.

आईचा भाऊ गुडघ्यांत रक्त साचून, ते सुजून सुजून नवव्या वर्षी गेला होता. आजोळच्यांनी ते नजर लागण्यावर ढकललं होतं. गीतांजलीला आता तो मामा आठवला आणि पाठोपाठ मुलगी सई. सईची अक्कलदाढ पुढच्याच आठवड्यात काढायची होती.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," सासूबाई म्हणाल्या. ते शंभर टक्के खरं होतं. आलं होतं ते सुनेच्या माहेरून. गीतांजलीने वाद न घालता सईचं रक्त स्वतः काढलं. पंचवीस टक्के.

दाढ मोठ्या हॉस्पिटलात, आधी आठवा घटक वाढवणारं इंजेक्शन देऊन काढली. अर्ध्या तासात रक्त थांबलं. मला पहिल्यापासून संशय होता, असं निशांतने सोसायटीत सगळ्यांना सांगितलं.

गीतांजलीला पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, या वेळी बरोबरच्या, रक्त थांबवणाऱ्या. पुढची पाळी पाचव्या दिवशी थांबली. सहाव्या दिवशी ती बाथरूमची कडी लावून बराच वेळ रडली. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, पाणी संपवते आहेस का.