श्रीपत आणि जहाँआरा थिएटर

अकोल्याचे श्रीपत तायडे तारखात्यातल्या नोकरीपायी लखनौला आले आणि तेलीबागेत स्थिरावले. त्यांच्यासारखी नोकरीवाली बरीच मराठी बौद्ध कुटुंबं आसपास होती. दर चौदा एप्रिलला सगळे मिळून मैदानात मंडप घालत, बाबासाहेबांची जयंती करत. अध्यक्ष कायम श्रीपत. आवाज खणखणीत आणि भीड कुणाची नाही.

अठ्ठ्याहत्तर साली त्यांच्या मनानं घेतलं, यंदा जयंती जहाँआरा थिएटरात करायची. अमीनाबादेजवळचं हे थिएटर इंग्रजांच्या काळात पारशी नाटक कंपन्यांसाठी बांधलेलं. आता मुशायरे, लग्नं, पुढाऱ्यांचे सत्कार यांना ते भाड्यानं मिळे. शेजारच्या दादारावला घेऊन श्रीपत तिथं गेले. मॅनेजर चंद्रशेखरबाबूंनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, तारीख मोकळी आहे म्हणाले. मग सहज विचारलं, "जलसा किस चीज़ का है?"

"बाबासाहब की जयंती का," श्रीपत ऐटीत म्हणाले.

चंद्रशेखरबाबूंनी पेनाला टोपण लावलं. "उस दिन तो मरम्मत है, भाईसाहब."

"अभी तो आपने कहा, खाली है."

"अब याद आया."

चहा आलाच नाही.

जयंतीच्या दिवशी मैदानात धुळीचं वादळ सुटलं. मंडप फाटला, पोरांचं नाटक अर्ध्यावर राहिलं. तेवढ्यात दादाराव अमीनाबादेहून खबर घेऊन आला. जहाँआरावर रोषणाई होती, कुणा ठेकेदाराच्या घरची वरात आली होती. श्रीपत आडव्या पडलेल्या बांबूवर बसले आणि मुलाला जवळ ओढून म्हणाले, "विजय, इतकं शीक की या लोकांनी उठून तुला खुर्ची द्यावी."

विजय शिकला. बँकेत अधिकारी झाला, तायडे गाळून नुसता विजय कुमार झाला. सत्त्याऐंशी साली त्यानं बँकेतल्याच एका मुलीशी लग्न ठरवलं. मुलीकडच्यांनी रिसेप्शनला जहाँआरा घेतलं. ऐकून श्रीपतांना भरून आलं. तेलीबागेतल्या कुणाकुणाला न्यायचं, याची ते नावं घेऊ लागले.

"पापा, बस घर के लोग," विजय म्हणाला. "और वहाँ किसी से जय भीम मत कीजिएगा. उनको हमने मराठा बताया है."

श्रीपतांची बायको गयाबाई भडकली. "बापाशी असं बोलवतं तरी कसं रे तुला?"

"आई, आप नहीं समझेंगी."

श्रीपतांनी नावं घेणं सोडून दिलं. आपल्या एका शब्दानं पोराचं लग्न मोडलं तर? रिसेप्शनला ते नव्या सुटात, नक्षीदार सज्ज्याखाली उभे राहिले आणि येईल त्या पाहुण्याला हात जोडून नमस्ते म्हणत राहिले. व्याही ओळख करून देत होते, "हमारे समधी, महाराष्ट्र के ऊँचे खानदान से हैं." श्रीपत प्रत्येक वेळी हसले.

दोन दिवसांनी दादाराव भेटला. लग्नाचं त्यानं नावही काढलं नाही.

"थिएटर आतून कसं आहे रे?"

"जुनं झालंय," श्रीपत म्हणाले आणि सायकल हातात धरून चालू लागले.

पुढच्या जयंतीला मंडळी बोलवायला आली, तेव्हा ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गयाबाई जयंतीची पांढरी साडी नेसून एकटीच गेली. नवरा का आला नाही, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तिनं खरं काय ते सांगितलं: जहाँआरात त्यांनी जय भीम म्हटलं नाही, आता इथं म्हणायची लाज वाटते.