खोकल्याचा ठेका

आमच्या साखरा गावात शिवप्रसाददादाला सगळे 'तडतड डीजे' म्हणतात. माझा चुलतभाऊ. सेनगावकडच्या वरातींत त्याचा लॅपटॉप वाजतो, पण तो नुसती गाणी लावत नाही, ठेके स्वतः घडवतो. त्यात ढोलकी नाही, ताशा नाही. पत्र्यावर पडणारी बोरं, बकेटीची कडी, एसटीचं न मिटणारं दार, असलं काहीबाही फोनमध्ये भरून आणायचा आणि सॅम्पलरमध्ये टाकायचा. सॅम्पलर म्हणजे लॅपटॉपातलं एक सॉफ्टवेअर. आवाज द्या, हवा तेवढा तुकडा कापा, बटणावर बसवा. मग दादा तो तुकडा उलटा फिरवायचा, अडकलेल्या कॅसेटीसारखा त-त-त-तड करायचा.

"बिघडल्यावानी वाजलं पाह्यजे, अंजे. मशीन बिघडलं का लोक नाचतात."

"मंग आपली मोटार रोज बिघडते, तिच्यापुढं नाच की," हे मोठेबाबा, म्हणजे दादाचे वडील, नामाजी. हे वाक्य मी अजून त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवते. आधी सगळे हसतात, मग गप्प होतात.

मोठेबाबांची मेंढरं होती. सकाळी वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण, उघडलं की त्यांची हाक सुरू. आधी जिभेचं टकटक, मग काठी दगडावर, मग लांबलचक "हुर्रर्र हेऽऽ योऽ", आणि शेवटी, न चुकता, बिडीचा खोकला. दादानं एकदा ती अख्खी भरून घेतली.

"हाक घे की. खोकला काहून घेऊन राहिलास?"

"आबा, तोच तर माल हाय!"

"मंग समदाच घेऊन टाक लेका, माझी तकलीफ तरी जाईल."

मोठीमाय, म्हणजे दादाची आई अनुसयाबाई, तेव्हा खळखळून हसली होती.

दादानं टकटक, काठी आणि खोकला कापून घेतले. खोकल्याचा सूर खाली उतरवला, शेपूट छाटलं. त्याचा फोन कायम भरलेला, म्हणून तुकडे निघाले की मूळ आवाज तो पुसून टाकायचा, शेंगांची टरफलं झाडावीत तसा. हाकेचं त्याला काम नव्हतं. हाक रोज सकाळी होतीच की.

मागच्या उन्हाळ्यात मोठेबाबा छातीच्या दुखण्यानं गेले.

दिवाळीनंतर भिवाजीमामाच्या पोरीचं लग्न होतं. वरातीत दादाचा डीजे. पोरं घामाघूम होऊन नाचत होती. बायांत उभ्या मोठीमायनं एकदम माझं मनगट धरलं.

"अंजे, हे खोकून राहिले."

घरी येताच ती दादाला म्हणाली, "समदी हाक लाव."

दादानं सांगितलं, हाक त्यानं तेव्हाच पुसून टाकली होती. ती रागावली नाही. उलट म्हणाली, "बरं. मंग तुकड्याची बनव. तू बनवतोस ना?"

दादा बसला. खोकल्याच्या अलीकडं "यो"चं एक टोक चिकटून राहिलं होतं, तेवढंच. ते ताणलं तर पत्रा घासल्यासारखं वाजायचं. शेवटी मीच ती हाक हुबेहूब काढून दाखवली. मोठीमायनं डोळे मिटून ऐकली.

"बराबर हाय. पन तू हायस, बाई."

एका सकाळी दादानं स्पीकरचा बॉक्स वाघुराजवळ नेला. टकटक झालं, काठी झाली, ते ताणलेलं "यो" झालं. मेंढरं रवंथ करत बसून. मग खोकला वाजला, आणि म्हातारी काळतोंडी मेंढी उठली. बॉक्सजवळ आली, हुंगलं, वळसा घालून मागं गेली. तिथं नुसत्या वायरी. ती तशीच बघत उभी राहिली.

"बंद कर," मोठीमाय म्हणाली. "मुक्या जनावराला काहून फसवतोस?"

दादानं बंद केलं. "माय, ठेक्यातून पन काढून टाकू का?"

"न्हाई!"

एवढ्या जोरात ती कधी ओरडली नव्हती.

आता दादाची गाडी वरातीला निघाली की मोठीमाय पुढं बसते. तिथं ती बायांत थांबत नाही. पदर डोक्यावर घेते आणि बॉक्सच्या मागं, वायरींपाशी जाऊन उभी राहते. पुढं पोरं ओरडतात, "दादा, गाणं बदला!"

दादा बदलत नाही. मोठीमाय मागून बाहेर येईस्तोवर तोच ठेका चालू ठेवतो.